मोठ्या माशाचं वय

(जळगाव येथे एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी 'प्रवाळातलं स्कूबा डायव्हिंग आणि तिथले मोठे मासे' असं सांगितलं. पलीकडून जरा वेळ आवाजच आला नाही. मग अदबीनं प्रश्न आला, "सर, जळगावात?" शंका रास्त होती. मेहरूण तलाव आणि हतनूरचं धरण सोडलं तर आपल्याकडे बुडी मारण्याजोगं पाणी कुठं आहे? गिरणेचं आवर्तन कधी सुटणार याची वाट पाहणाऱ्या लोकांपुढे समुद्रतळाचं वर्णन करणं हा थोडा चावटपणाच. तरीही मी विषय बदलला नाही, कारण ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर जीवशास्त्र शिकवायचे, आणि त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात, फॉर्मॅलिनमधल्या बेडकाच्या शेजारी, पांढऱ्या दगडी फांदीचा एक तुकडा होता. त्यावर चिकटवलेल्या कागदावर 'मॅड्रेपोरा' असं लिहिलेलं. हा दगड आहे, झाड आहे की प्राणी, असं ते प्रत्येक नव्या वर्गाला विचारत आणि उत्तर न देता कपाटाला कुलूप लावत.

दुसरं कारण असं की तुमच्यापैकी काहींच्या बोटात आत्ता, या क्षणी, प्रवाळ आहे. जळगावच्या सराफ बाजारात पोवळ्याची अंगठी न विकणारं दुकान मला माहीत नाही. मंगळाचं रत्न ते, आणि अमळनेरला मंगळग्रहाचं मंदिर आहे, म्हणजे त्या अंगठीला गिऱ्हाईकही आपल्या जिल्ह्यात भरपूर. समुद्रापासून इतक्या दूर राहून समुद्रातला एक प्राणी सोन्यात मढवून मिरवणारे आपण लोक आहोत.

ते पोवळं मात्र आजच्या विषयातलं नाही. अंगठीतलं लाल पोवळं म्हणजे मुळात भूमध्य समुद्रातली जात. इटलीत नेपल्सजवळच्या तोरे देल ग्रेको या गावात कित्येक पिढ्या त्याचं कातकाम चालत आलं आहे. ते अंधाऱ्या कपारीत वाढतं, वर्षाला त्याची जाडी एक मिलिमीटरसुद्धा वाढत नाही, आणि त्याच्या प्रत्येक जिवाला आठ शुंडकं असतात. समुद्रात खडकच्या खडक उभे करतात ते प्रवाळ वेगळे. त्यांची शुंडकं सहा किंवा सहाच्या पटीत. सरांच्या कपाटातला तुकडा या दुसऱ्या कुळातला.

या प्रवाळाचा एक जीव, म्हणजे पॉलिप, बहुतेक जातींत काही मिलिमीटरचाच असतो. एक पिशवी, तिला एकच तोंड. खाणं तिथूनच आणि टाकणंही तिथूनच. बुडाशी तो चुन्याची वाटी तयार करतो आणि तीत बसून राहतो. मग तो दुभंगतो, शेजारी दुसरा, तिसरा, हजारावा जीव तयार होतो. खान्देशात हे समजावून सांगणं सोपं आहे. आपली केळी बी लावून येत नाही. खोडाच्या बुडाशी पील फुटतं, ते काढून लावलं की तीच केळ नव्यानं उभी राहते, आणि टिश्यू कल्चरनं हाच उद्योग प्रयोगशाळेत नेला. रावेर-यावलच्या एखाद्या बागेतली हजारो ग्रँड नैन म्हणजे एका अर्थानं एकच झाड. प्रवाळाची वसाहत अशीच, एकाच जिवाच्या हजारो प्रती. याचा तोटा केळीवाल्यांना मी सांगायला नको. एक रोग आला की सगळी बाग एकदम मान टाकते. प्रवाळ ठरावीक काळी अंडी आणि शुक्रबीजंही पाण्यात सोडतात, त्यातून नव्या वाणाच्या वसाहती होतात. पण मूळची वसाहत वाढते ती पिलावर.

या पॉलिपच्या अंगात झूझँथेली नावाची एकपेशीय शेवाळं राहतात. ती उन्हावर अन्न तयार करतात आणि त्यातलं बरंचसं यजमानाला देतात. प्रवाळाच्या ऊर्जेचा नव्वद टक्क्यांपर्यंतचा वाटा इथून येऊ शकतो. म्हणजे प्राणी असूनही याला ऊन लागतं. ऊन लागतं म्हणून पाणी उथळ आणि स्वच्छ लागतं. आणि इथं आपला, तापीकाठच्या लोकांचा, संबंध येतो.

मुलताईला उगम पावून ७२४ किलोमीटर वाहत तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते. धुळ्याच्या माणसाला खरं तर मालवणपेक्षा सुरतेचा समुद्र जवळ. पण त्या मुखाशी तुम्ही बुडी मारलीत तर स्वतःचा हातसुद्धा दिसणार नाही. तापी, नर्मदा, मही, साबरमती या चार नद्या खंबातच्या आखातात गाळ ओततात. तो गाळ उजेड अडवतो आणि पॉलिपच्या तोंडावर बसतो. त्यातलं बरंच आपल्या शेतांतून वाहून गेलेलं काळं सोनं आहे. त्याच गुजरातेत, पण मोठ्या नद्या जिथं मिळत नाहीत त्या कच्छच्या आखातात, जामनगरजवळ प्रवाळ आहेत, आणि १९८२ मध्ये तिथं देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान झालं.

जाता जाता एक गोष्ट सांगतो, कारण ती सरांना आवडली असती. समुद्र एकदा सातपुड्याच्या पलीकडे आला होता. नर्मदेच्या खोऱ्यात, धार जिल्ह्यातल्या बाघच्या परिसरात, शंखशिंपल्यांनी भरलेले चुनखडीचे थर आहेत. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी समुद्राचा एक फाटा त्या खोऱ्यात शिरला, त्याची ही खूण. डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्डनं १८६९ मध्ये तापी आणि खालच्या नर्मदेच्या खोऱ्यांच्या भूशास्त्रावर सविस्तर ग्रंथ लिहिला, त्यात या थरांची चर्चा आहे. त्यातल्या एका थराला 'कोरलाइन लाइमस्टोन' म्हणतात, पण त्यातले जीव मुख्यतः ब्रायोझोआ, म्हणजे वेगळेच प्राणी. नंतर लाव्हा आला आणि आपला सगळा काळा खडक त्यावर पसरला.

आता मालवण.

१९८७ मध्ये महाराष्ट्र सरकारनं मालवणच्या किनाऱ्यालगत सागरी अभयारण्य जाहीर केलं. क्षेत्रफळ २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा ३.१८ चौरस किलोमीटरचा. गाभ्यात सिंधुदुर्ग किल्ला येतो. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याची पायाभरणी केली ती आरमारासाठी; त्या तटाच्या बाहेर पाण्याखाली जे जग आहे त्याच्याकडे पुढची तीनशे वर्षं फक्त मच्छीमारांचं लक्ष होतं. अभयारण्य झालं तेही त्यांना नीट विश्वासात न घेता, आणि त्याचा राग मालवणात आजही आहे. मला तो राग समजतो. नकाशावर रेघ ओढणारा मुंबईला परत जातो, जाळं मात्र त्या रेघेवर येऊन अडतं.

टीव्हीवरचे प्रवाळ डोक्यात ठेवून मालवणला जाल तर निराश व्हाल. पाणी हिरवट. चांगल्या दिवशी, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, काही मीटर दिसतं. खडकांवर सरगॅसम नावाची तपकिरी शेवाळं डुलत असतात आणि त्यांच्या मध्ये पोरायटीसचे गोल उंचवटे आणि टर्बिनारियाचे पसरट पापुद्रे. रंग मातकट पिवळा, करडा, कुठे हिरवा. पण हे चिवट प्रवाळ आहेत. गढूळ पाणी, पावसाळ्यातलं गोडं पाणी, लाटांचा मार, हे सगळं सोसून ते कोकणच्या किनाऱ्याला धरून आहेत. मुंबईतसुद्धा आहेत; किनारी रस्त्याच्या कामासाठी, २०२० मध्ये, वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे नेऊन लावाव्या लागल्या. अशी परवानगी लागते याचं कारण खडकबांधणी करणारे सगळे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कायद्याच्या पुस्तकात वाघ ज्या यादीत, त्याच यादीत.

दिवाळीच्या आणि नाताळच्या सुट्टीत आपल्याकडच्या ट्रॅव्हल्सच्या गाड्या मालवणशेजारच्या तारकर्लीला लागलेल्या मी पाहतो. ज्यांनी तिथं बुडी मारलेली नाही त्यांच्यासाठी ती म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. आधी एक गैरसमज दूर करू: पाठीवरच्या नळकांड्यात ऑक्सिजन नसतो. साधी हवा असते, तुम्ही-आम्ही घेतो ती, दोनशेच्या आसपास बार दाबाखाली कोंबलेली. १९४३ मध्ये फ्रान्सच्या झाक कुस्तो आणि एमिल गान्यां या दोघांनी जे यंत्र बनवलं ते हवेचं नव्हतं, दाबाचं होतं. पाण्याचा दाब जेवढा असेल तेवढ्याच दाबानं हवा तोंडात सोडणारी झडप. दर दहा मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो. दहा मीटरवर घेतलेला श्वास वर येताना दुप्पट जागा मागतो. म्हणून या खेळाचा पहिला आणि शेवटचा नियम: श्वास कधीही रोखायचा नाही. विहिरीत पोहायला शिकलेल्या खान्देशी माणसाला हे सर्वात अवघड जातं, कारण त्याला बुडी म्हणजे छाती भरून श्वास घेणं आणि दाबून धरणं एवढंच ठाऊक.

कानावर दाब जाणवला की, दुखायच्या आधीच, नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं. बोलता येत नाही, म्हणून हाताच्या खुणा. आणि इथं हमखास गंमत होते. अंगठा वर केला की पाण्याखाली त्याचा अर्थ 'मला वर न्या'. 'छान आहे' सांगायचं तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. आपला माणूस खाली जातो, निळे-पिवळे मासे बघून हरखतो, कॅमेऱ्याकडे दणकून अंगठा दाखवतो, आणि प्रशिक्षक त्याला इमानदारीनं वर घेऊन येतो. पैसे दिलेत वीस मिनिटांचे, झाली चार. मग नावेवर जी बाचाबाची होते ती ऐकण्यासारखी असते.

रंगांचंही सांगायला हवं. पाणी तांबडा प्रकाश आधी शोषून घेतं. काही मीटर खाली गेलात की तांबडी वस्तू काळपट दिसू लागते. बाजारात लालबुंद दिसणारी तांबोशी खडकाच्या सावलीत जवळजवळ अदृश्य होते. लाल रंग ही तिथं लपण्याची सोय आहे.

आता मोठ्या माशांकडे येतो. खरं तर मला बोलायचंय ते यांच्याबद्दलच.

मालवणच्या पाण्यात मला भेटलेले हेकरू वीतभर, फार तर हातभर. काही जण त्याला गोब्रा म्हणतात, इंग्रजीतला ग्रुपर. खऱ्या अर्थानं मोठा हेकरू मी पाहिला तो दक्षिणेला, कर्नाटकात, मुरुडेश्वरसमोरच्या नेत्राणी बेटापाशी. कपारीत अंधार होता आणि त्या अंधारात एक जबडा होता. खालचा ओठ पुढे आलेला, वरचा जाड, आणि तोंड अर्धवट उघडं. अंगावरचे डाग आधी मला खडकाचेच वाटले. मग डोळा फिरला. माशाचा डोळा खोबणीत फिरताना बघणं जरा अस्वस्थ करणारं असतं. शरीर जागचं हलत नाही, आणि तरी तो तुम्हाला नखशिखांत बघून घेतो. त्याच्या कल्ल्यांशी बोटाएवढा निळा-काळा पट्ट्यांचा मासा खुडबुड करत होता. हा सफाईवाला, क्लीनर रास. तो कल्ल्याच्या फटीतून आत शिरला, तोंडातून बाहेर आला. हेकरूनं तोंड मिटलं असतं तर एक घासही झाला नसता. पण त्याला परोपजीवी काढून घ्यायचे होते, आणि ते काम होत होतं. मी श्वास सोडला, बुडबुड्यांचा आवाज झाला, आणि माशाच्या अंगावरचे डाग एकदम गडद झाले. मग तो मागे सरकला. वळला नाही, तोंड माझ्याकडेच ठेवून, कपारीत.

या माशाबद्दल एक गोष्ट कळली की पुढचं सगळं बदलतं. हेकरूच्या अनेक जाती जन्मतः मादी असतात. काही वर्षं अंडी घालतात, वाढतात, आणि पुरेसं वय आणि आकार झाला की त्यातल्या काही नर होतात. उलट प्रकारही निसर्गात आहे; नारिंगी-पांढरा क्लाउनफिश आधी नर असतो, मग मादी होतो. आता विचार करा. मच्छीमार, हॉटेल, भाल्यानं शिकार करणारा हौशी, सगळ्यांना मोठा मासा हवा. सगळ्यात मोठे मासे उचलले की नेमके नर उचलले जातात. पाण्यात मासे दिसतात, पुष्कळ दिसतात, पण त्या सगळ्या माद्या, आणि नर घडायला आणखी काही वर्षं लागणार. मोठ्या माद्या गेल्या तरी तोटा सरळ हिशेबाचा नाही. माशाचं वजन दुप्पट झालं तर अंडी दुपटीहून जास्त होतात. पाच किलोची एक मादी म्हणजे एकेक किलोच्या पाच माद्या नव्हेत. ती त्यांच्यापेक्षा भारी पडते.

शिवाय यांना एकत्र येण्याची सवय. वर्षातून काही ठरावीक दिवशी, चंद्राच्या कलेप्रमाणे, दूरदूरचे हेकरू एका विशिष्ट जागी जमतात आणि अंडी सोडतात. ती जागा एखाद्या तांडेलाला कळली की दोन-तीन हंगामांत सगळं संपू शकतं. कॅरिबियन समुद्रात हे डोळ्यांदेखत घडलं; नासाऊ ग्रुपरचे जमाव एकामागून एक नाहीसे झाले. लिटल केमन बेटापाशी मात्र जमावावरची मासेमारी थांबवली गेली, आणि सुमारे १,२०० वर आलेली संख्या २०१८ पर्यंत ७,००० च्या वर गेली. एका दशकात. वेळ दिला तर मासा परत येतो, पण वेळ त्याच्या घड्याळानं द्यावा लागतो.

आपल्याकडे या विषयावर मन लावून काम झालं ते लक्षद्वीपमध्ये. नेचर कन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या रुचा करकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बित्रा बेटाजवळच्या चौकोनी शेपटीच्या हेकरूंचा जमाव अभ्यासला. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास. २०१० मध्ये समुद्र तापून प्रवाळ मेले, त्यानंतर लक्षद्वीपच्या वेगवेगळ्या प्रवाळखडकांवर कोणते हेकरू टिकले हे त्यांनी पाहिलं. अल्पायुषी जाती सगळीकडे सापडत होत्या, पडझड झालेल्या खडकावरही. दीर्घायुषी जाती मात्र जिथं खडकाची रचना स्थिर राहिली होती तिथंच. अर्थ सरळ आहे. हेकरूच्या काही जाती तीस-तीस वर्षं जगतात. अशा माशाला तीस वर्षं जागेवर राहील अशी कपार लागते. प्रवाळ दर पाच-सात वर्षांनी मरून ढासळत असेल तर त्यावर पुन्हा हिरवळ येईल, छोटे मासे येतील, फोटोही चांगला येईल. म्हातारा मासा येणार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि बाकी सगळं त्याच्याभोवती आहे: प्रवाळाची तब्येत तिथल्या रंगांवरून कळत नाही, तिथल्या सगळ्यात मोठ्या माशाच्या वयावरून कळते.

आणि हे मोठे मासे तिथं नुसते राहत नाहीत, काम करतात. अंदमानात डोक्यावर टेंगूळ असलेला पोपटमासा आहे, बम्पहेड. एक बम्पहेड वर्षाला पाच टनांहून जास्त प्रवाळखडक चावतो आणि त्याची वाळू करून टाकतो. पांढऱ्या वाळूचे किनारे बघून कविता करणाऱ्यांनी ती वाळू कुठून आली हे न विचारलेलं बरं. तांबड्या समुद्रात हेकरू आणि मोरे ईल, म्हणजे समुद्री वामेच्या भाऊबंदांतली एक, मिळून शिकार करतात हे २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं. सावज कपारीत गेलं की हेकरू ईलच्या बिळापाशी जाऊन डोकं झटकतो. ईल बाहेर येते, फटीत शिरते. सावज बाहेर पळालं तर हेकरूचं, आत अडकलं तर ईलचं. वाटणीवरून भांडण नाही. खान्देशात बांधावरून कोर्टात गेलेले भाऊबंद मी पाहिले आहेत, म्हणून हे मला विशेष वाटतं.

आता उष्णता. भुसावळात मे महिन्यात ४६-४७ अंश सोसणाऱ्यांना मी सांगणार आहे की एका अंशानं प्रवाळ मरतात, तर तुम्ही हसाल. पण तसंच आहे. त्या जागेच्या सर्वात गरम महिन्याच्या सरासरीपेक्षा समुद्र एक अंशानं जास्त तापला आणि काही आठवडे तसाच राहिला, की पॉलिपच्या अंगातल्या शेवाळाचं काम बिघडतं, ते घातक रसायनं सोडू लागतं आणि पॉलिप त्याला बाहेर काढतो. शेवाळ गेलं की रंग गेला. खालचा चुना पांढराफटक दिसतो. त्याला विरंजन म्हणतात. प्रवाळ तेव्हा मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी लवकर निवलं तर शेवाळ परत येतं. आपल्याला रात्र असते, ओसरी असते, कूलर असतो. त्याला जागा सोडता येत नाही.

१९९८, २०१०, २०१६ हे तीन तडाखे लक्षद्वीपला बसले. जिवंत प्रवाळाचं आच्छादन १९९८ मध्ये सुमारे ३७ टक्के होतं ते २०२२ पर्यंत १९ टक्क्यांच्या आसपास आलं. एप्रिल २०२४ मध्ये जगभरच्या चौथ्या मोठ्या विरंजनाची घोषणा झाली. या आकड्यांपुढे मालवणचा एखादा पर्यटक पायानं एक फांदी मोडतो ते क्षुल्लक वाटेल. मला वाटत नाही. तापलेल्या वर्षातून जो प्रवाळ जेमतेम वाचला त्याच्यावर उभं राहून फोटो काढणं, हे आजारातून उठलेल्याच्या छातीवर बसणं आहे. समुद्र तापतो तो आपल्या हातात लगेच नाही. पाय कुठं ठेवायचा ते आहे.

मालवणच्या प्रवाळांवर पर्यटनाचा काय परिणाम होतो याचा गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनीही अभ्यास केला आहे. मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. सुट्टीच्या दिवसात एकाच खडकाभोवती नावांची दाटी असते. नांगर टाकला जातो तो कधी वाळूत, कधी थेट वसाहतीवर. नवख्या माणसाला तरंगता येत नाही, म्हणून प्रशिक्षक त्याला खडक धरायला लावतो. धरलेला 'खडक' पोरायटीस असतो. काही ठिकाणी मासे जमावेत म्हणून पाव चुरून टाकतात. पट्टेरी सार्जंट मासे झुंडीनं येतात, व्हिडिओ झकास होतो. शेवाळ खाऊन प्रवाळ मोकळा ठेवणं हे ज्यांचं काम, ते पावाला लागतात.

यात मी स्थानिक पोरांना दोष देणार नाही. दांडी, देवबाग, तारकर्लीची ही मुलं बहुतेक मच्छीमार घरांतली. एकीकडे पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांनी बापाच्या रापणीला मासा ठेवला नाही, दुसरीकडे पर्यटक दारात आला. त्यांनी काय करायचं होतं? तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, सागरी जीवशास्त्रज्ञ सारंग कुलकर्णी यांनी ते उभं करण्यात पुढाकार घेतला, आणि तिथून शिकून निघालेली मुलं पाण्यात वेगळी ओळखू येतात. ती पर्यटकाला गुडघे टेकू देत नाहीत. मेक्सिकोतल्या काबो पुल्मोच्या मच्छीमारांनी हाच रस्ता शेवटपर्यंत नेला. १९९५ मध्ये तिथं राष्ट्रीय उद्यान झालं, गावकऱ्यांनी आपण होऊन मासेमारी थांबवली आणि डायव्हिंगवर पोट भरायला लागले. १९९९ ते २००९ या दहा वर्षांत तिथल्या माशांचं एकूण वजन ४६३ टक्क्यांनी वाढलं, आणि त्यात मोठे शिकारी मासे परत आले. फरक एवढाच की तिथं निर्णय गावाचा होता.

सरकारी योजनांबद्दल दोन शब्द. निवृत्त झालेली 'आयएनएस गुलदार' ही युद्धनौका निवती रॉकजवळ पाण्याखाली ठेवून संग्रहालय आणि कृत्रिम खडक करण्याचा प्रकल्प राज्यानं हाती घेतला आहे. मला त्यात वाईट काही दिसत नाही. लोखंडाच्या आडोशाला मासे येतात, आणि किल्ल्याजवळच्या खडकांवरची गर्दी थोडी कमी होईल. पण जुन्या नौकेला उद्घाटन असतं, फीत असते, पाटी असते. प्रवाळाला यातलं काहीच नसतं, त्यामुळे त्याच्या वाट्याला निधी कमी येतो.

खरी कसोटी आंग्रिया बँकेची आहे. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर पश्चिमेला, खोल समुद्रात, पाण्याखाली बुडालेलं एक पठार आहे. लांबी सुमारे ४० किलोमीटर, रुंदी १५. माथ्यावर साधारण वीस मीटर पाणी. नाव कान्होजी आंग्र्यांचं. किनाऱ्याचा गाळ तिथं पोचत नाही, म्हणून पाणी निळं आणि स्वच्छ, आणि प्रवाळ मालवणपेक्षा वेगळ्याच थाटाचे. २०१९ च्या डिसेंबरात वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन सोसायटी-इंडिया आणि सहकारी संस्थांच्या शास्त्रज्ञांनी तिथं मोहीम नेली. २०२० मध्ये राज्यानं संरक्षणाच्या प्रस्तावाला पाठिंबा दिला. पण हे पठार बारा सागरी मैलांच्या हद्दीबाहेर आहे. तिथं राज्याला वन्यजीव कायदा लावता येत नाही. १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याखाली केंद्रानंच ते घोषित करावं लागतं. ट्रॉलरला मात्र अंतराचं भय नाही. महाराष्ट्रात म्हातारे मासे कुठं उरले असतील तर ते तिथं, आणि तिथं आपल्यापैकी कोणी जाणार नाही, जायची गरजही नाही.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं, म्हणजे आटोपतं घेतो. तीन चिठ्ठ्या आल्या आहेत.

पहिली: पोहता येत नसेल तर बुडी मारता येते का? येते. पाच-सहा मीटरच्या पर्यटकी बुडीत प्रशिक्षक तुम्हाला सोडत नाही. दमा, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन, फिट्स यांतलं काही असेल तर मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही, आणि फॉर्मवर खोटं लिहायचं नाही. सर्दी असेल तर त्या दिवशी किल्ला बघा. निघण्याआधी नाववाल्याला दोन गोष्टी विचारा: नांगर कुठं टाकता, आणि माशांना खायला घालता का.

दुसरी: बुडीनंतर चिपीहून विमानानं निघालं तर चालेल का? त्याच दिवशी नाही. एका बुडीनंतर बारा तास, जास्त बुड्या असतील तर किमान अठरा तास थांबायचं, कारण रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. खोल बुड्या मारलेल्यांनी लगेच आंबोली घाटही चढू नये.

तिसरी चिठ्ठी प्रामाणिक आहे: मालवणला जाऊन मासा कोणता खावा? बांगडा. तो वर्षभरात वयात येतो आणि थव्यानं वाढतो. खानावळीत बर्फावर मांडलेला हातभर हेकरू दाखवून मालक म्हणेल, साहेब, हा आजच आलाय. आला असेल. पण तो त्या आकाराचा व्हायला किती पावसाळे लागले हे आता तुम्हाला माहीत आहे. बांगडा तिखलं सांगा, सोबत सोलकढी.